पेठ्यांचं माप

पेठे मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते स्वतःच्या बायकोला श्वास घेऊ नकोस म्हणून ओरडत होते.

कोलशेतला आमच्या गावठाणाच्या मागे, खाडीच्या वाटेवर, तेव्हा एक मोठं मोकळं मैदान होतं. रविवारची सकाळ. मी जाळं खांद्यावर टाकून खाडीकडे निघालेलो. बघतो तर मैदानाच्या मधोमध एक बुटकी बाई, मिटलेली छत्री हातात धरून, शाळेतल्या प्रार्थनेला उभी राहावी तशी ताठ उभी. तिच्या मागून एक नारिंगी दोर हवेत सपासप इकडून तिकडे जातोय. दोर फेकणारा माणूस बाजूला घामाघूम. आणि लांब, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला एक उंच हडकुळा म्हातारा ओरडतोय, "शालन, हलू नकोस! अगं, श्वास घेतलास की खांदे वर जातात. घेऊ नकोस!"

"मग काय मरू?" बाई म्हणाली.

"दोन मिनिटं थांब," म्हातारा म्हणाला.

भरती कोणासाठी थांबत नाही. मी थांबलो. बांधावर बसलो आणि बिडी पेटवली.

आधी माझं सांगतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. माझं नाव बाळाराम. शिक्षण चौथी. तीही मास्तरांना आमच्या घरच्या निवट्या, खाडीच्या चिखलातले मासे, आवडायच्या म्हणून झाली. खाडीवर जन्म गेला, आणि आता खाडीच गेली. जाळ्यात मासा आला तरी त्याला रॉकेलचा वास येतो, मांजर तोंड लावत नाही. पण मी रोज जातो. का जातो विचारायचं नाही. आणि मी कोणाला साहेब म्हणत नाही. पेठे मोठ्या कारखान्यातून रिटायर झालेले, इंग्रजी बोलणारे, पण मी त्यांना पहिल्या दिवसापासून पेठेच म्हणालो.

त्या दिवशी तो सगळा प्रकार संपला तसा मी उठून गेलो आणि विचारलं, "मासा कुठंय?"

"मासा नाही," पेठे म्हणाले.

"पाणी?"

"पाणी कशाला? दोर भिजतो."

"गळ तरी?"

"गळ लावला तर कोणाचा तरी कान जाईल. टोकाला लोकर असते." त्यांनी दोराच्या टोकाचा लाल लोकरीचा गोंडा दाखवला.

"म्हणजे मांडव आहे, नवरा नाही, नवरी नाही," मी म्हणालो.

"भटजी आहे ना," ती बाई पेठ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून हसली. त्या शालनवहिनी.

पेठ्यांनी मग मला समजावलं. हा मासे धरायचा विलायती प्रकार. आपल्या गळाला शिसं बांधतो, म्हणून तो लांब जातो. यात शिसं नसतं, वजन दोरातच असतं. हातात लांब लवचिक काठी, म्हणजे रॉड. तो मागे न्यायचा, पुढे आणून झटकन थांबवायचा. दोर हवेत उलगडत पुढे जातो आणि जाताना घोड्याची नाल आडवी पडावी तसं वळण होतं. वरचा दोर, खालचा दोर, आणि दोघांमध्ये जेवढी फट, तेवढा लूप. फट लहान असली की दोर वारा कापत जातो. मोठी झाली की वाऱ्यात ढेपाळून पडतो. जो हे दुसऱ्यांना शिकवणार, त्याला लूप पाहिजे तेवढा बारीक करता आला पाहिजे. तो त्याला येतो की नाही हे पेठे बघत. हीच ती परीक्षा.

"बघता कसं? डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात जातो तो."

"म्हणून तर ही उभी आहे. लूप हिच्या मागून जातो. डोकं ते कंबर, यात बसला तर पास."

मी म्हणालो, "आमचं उलट आहे. हाताने फेकायचं जाळं ताटासारखं गोल उघडलं पाहिजे. जेवढं मोठं उघडेल तेवढा फेकणारा चांगला."

"तुमचं जाळं उघडलं की मासा मरतो," पेठे म्हणाले. "आमचा लूप उघडला की दोर मरतो."

यावर आमचं भांडण झालं. ते पुढे बरीच वर्षं चाललं. मी अजून माझ्या जागी बरोबर आहे.

हा नाद त्यांना कारखान्यात लागला. तिथे परदेशातून एक यंत्र आलं आणि यंत्र बसवायला एक गोरा इंजिनिअर. तो संध्याकाळी कारखान्याच्या हिरवळीवर रॉड घेऊन दोर उडवायचा. सगळे हसायचे. स्टोअरमधले पेठे हसले नाहीत, शिकले. गोरा गेला, रॉड यांना देऊन गेला. पुढे हौशी लोकांच्या एका संस्थेने त्यांची परीक्षा घेतली आणि नंतर त्यांनाच परीक्षक केलं. हौशी म्हटलं तरी परीक्षेला येणारे सगळे हौशी नसत. डोंगरातल्या नद्यांवर पर्यटकांचे कॅम्प असतात, तिथे शिकवणारा लागतो, आणि पास झालेल्यालाच ठेवतात. त्यामुळे कोणाची भाकरी त्या वळणावर लटकलेली असायची.

पेठ्यांचा एकच शब्द होता. "सैल!"

परीक्षेत तर होताच. पण बाहेरही होता. चहा पातळ झाला, सैल. पुढाऱ्याचं भाषण, सैल. मी लुंगीवर त्यांच्या घरी गेलो, तर दार उघडून आधी लुंगीकडे बघून म्हणाले, "सैल आहे." सोसायटीत एका मुलीचं लग्न होतं. नवऱ्यामुलाने हार टाकला तो मुलीच्या अंबाड्याला अडकून खाली पडला. सगळा मांडव चुप. आणि पहिल्या रांगेतून पेठे मोठ्याने म्हणाले, "सैल!" मुलीच्या मामाने बाहीच वर केली. वहिनींनी पेठ्यांना हाताला धरून जेवणाच्या रांगेत नेऊन बसवलं, तर तिथे मठ्ठा पातळ.

चांगलं काही दिसलं तर ते म्हणत, "हं." बस्स. एवढंच. त्या एका "हं"साठी माणसं कल्याणहून, कसाऱ्याहून पहाटे उठून यायची.

आता वहिनींची गंमत सांगतो. दोर उडायला लागला की त्या हळूच पेठ्यांच्या दिशेने सरकायच्या. कधी चपलेत खडा गेला म्हणून, कधी मुंगळा दिसला म्हणून. पेठे लांबून ओरडायचे, "शालन! पुढे येतेस!"

"छे हो, जमीन उतरती आहे!"

मी एकदा विचारलं, वहिनी, हे काय चालतं तुमचं? त्या म्हणाल्या, "बाळारामभाऊ, बोट डोळ्याजवळ धरलं की त्याच्यामागे माड झाकतो ना? तसंच. मी ह्यांच्या जवळ गेले की मोठी दिसते. मी मोठी दिसले की त्या बिचाऱ्याचा लूप लहान दिसतो. आधीच मी ही एवढीशी. माझ्या कंबरेत कोणाचा लूप बसणार? घरदार सोडून येतात हो माणसं. नापास करून ह्यांना काय मिळतं?"

"पेठ्यांना कळत नाही?"

"ह्यांना? ह्यांना दोर सोडून काय दिसतं?"

सगळी परीक्षा आटोपली की पेठे स्वतः एकदा रॉड घ्यायचे. एकदाच. वहिनी लांब त्यांच्या समोर उभ्या राहायच्या. दोर मागे जायचा, पुढे यायचा, नाल उलगडत उलगडत यायची आणि तो लोकरीचा गोंडा वहिनींच्या खांद्यावर येऊन बसायचा, माशी बसावी तसा. वहिनी तो चिमटीत धरून एक हिसका द्यायच्या. देवळातली घंटा वाजवतात तसा. पेठ्यांचा रॉड तिकडे वाकायचा. मग दोघं सामान आवरून घरी. म्हातारपणी असले चाळे बघून मी तोंड फिरवून घ्यायचो.

मग वहिनींच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा ठाण्याला नेऊन मशीनवर घालायचे. आधी पाय सुजले, मग तोंड. तरी त्या रविवारी मैदानात यायच्या. एका रविवारी मध्येच खाली बसल्या. पेठे खुर्चीतून ओरडले, "बसल्यावर माप चुकतं!" आणि उठले, मैदानाच्या मध्यापर्यंत आले, त्यांना उठवलं नाही, त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. परीक्षेला आलेल्यांना म्हणाले, "आज परीक्षा रद्द. मैदान ओलं आहे." वैशाख होता. जमिनीला हातभर भेगा. त्या हंगामात मग मैदान ओलंच राहिलं.

वहिनी पावसाच्या आधी गेल्या. सवाष्ण गेल्या, म्हणून हिरवी साडी, हळदकुंकवाचं ताट. मूलबाळ नाही. इमारतीतल्या लोकांना तिरडी बांधता येत नाही, सगळे मोबाइलवर कोणाला तरी बोलवत होते. मला निरोप आला, मी दोन बांबू आणि कामट्या घेऊन गेलो. पेठे म्हणाले, "तीन बांबू हवेत."

"तिरडीला दोनच लागतात, पेठे."

"तीन."

मेलेल्या घरात भांडू नये म्हणून मी तिसरा आणवला. सुतळी मी बांधली. पेठ्यांनी वाकून गाठींत बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "सैल आहे." सगळ्यांसमोर. मी चाळीस मयतांच्या तिरड्या बांधल्या असतील, कोणी मला असं बोललं नव्हतं. त्यांनी सगळ्या गाठी सोडल्या आणि एकेक पुन्हा बांधली. माणसं खोळंबली, भटजी घड्याळ बघायला लागला. मग त्यांनी तो तिसरा बांबू वहिनींच्या शेजारी जमिनीवर आडवा ठेवला, ताटातल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि बांबूवर डोक्यापाशी, खांद्यापाशी, कंबरेपाशी, घोट्यापाशी अशा खुणा केल्या. मला वाटलं, तिरडीची लांबी बघतायत. माणूस अशा वेळी काहीही करतो. मी लक्ष दिलं नाही.

पावसाळा संपला तसे पेठे माझ्या दारात. हातात बांबू. लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेला, माझ्या छातीच्या वर आलेला.

"रविवारी परीक्षा आहे. हा धरून उभं राहायचं."

"मी का?"

"तुम्ही हलत नाही. एवढ्या वर्षांत तुमचं एक मत हललेलं मी पाहिलेलं नाही."

हे कौतुक होतं की टोमणा ते मला अजून कळलेलं नाही, पण मी गेलो. सकाळभर बांबू धरून उभा. आमची बायको हिराबाई पाण्याचा हंडा घेऊन तिकडून चाललेली. तिने मैदानात हाक मारली, "आवं, पाडवा झाला का नाय अजून? कवाची गुढी धरून उभं हाव?" सगळे हसले. पेठे नाही हसले.

त्या बांबूचे लाड काय सांगू. मैदानात पोचेपर्यंत मला हात लावू देत नसत. दोन परीक्षांच्या मध्ये, "बाळाराम, बांबू सावलीत न्या." मी उन्हात बसलो तरी चालेल. मी म्हणायचो, "रंग उडत नाही हो, पक्का आहे." तरी, "सावलीत न्या." पाण्याची बाटली उघडली की घोटभर पाणी बांबूच्या बुडाशी सांडायचे. मला वाटलं, डोकं फिरलं म्हाताऱ्याचं. त्यांनी रॉड हातात घेणं मात्र सोडून दिलेलं. परीक्षा संपली की सरळ घरी.

आणि त्या दिवसापासून कोणी पास होईना.

वरून मधल्या लाल पट्ट्यापर्यंत फट बसली पाहिजे. बसायचीच नाही कोणाची. "सैल. सैल. सैल." एक पोलीस खात्यातला होता, तो रडला. दिव्याहून येणारा गणेश होता, चाळिशीचा माणूस. कुरिअरची नोकरी सुटलेली, बायको लोकांच्या पोळ्या लाटणारी. एका कॅम्पवर स्वयंपाक्याच्या हाताखाली असताना हे शिकला. कॅम्पवाले म्हणाले, पास होऊन ये, शिकवायला ठेवतो. तो दोनदा आला, दोनदा नापास. दुसऱ्यांदा जाताना सामान बांधता बांधता मला म्हणाला, "काका, जुने लोक सांगतात, काकी असत्या ना, तर मी पास झालो असतो." मला वाटलं, गोड बोलतोय. मी म्हणालो, "बांबू खोटं बोलत नाही." तो म्हणाला, "तेच तर."

संस्थेकडे तक्रारी गेल्या असणार. एक दिवस पेठ्यांनी मला चहाला बोलावलं. घर स्वच्छ, आणि इतकं शांत की फ्रीजचा आवाज ऐकू येईल. म्हणाले, "पुढच्या रविवारी पुण्याहून एक मॅडम येणार आहेत. माझ्या शेजारी बसून बघणार. माझं आणि त्यांचं जुळलं नाही तर परीक्षा माझ्याकडून काढून घेतील."

"घेऊ द्या काढून. आराम करा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बिडी काढली आणि परत खिशात ठेवली. "बाळाराम," ते म्हणाले, "सोमवार ते शनिवार मी रविवारची वाट बघतो."

रविवारी मॅडम आल्या. टोपी, काळा चष्मा, बोलायला चांगल्या. परीक्षेला एकटा गणेश. नवा शर्ट घालून आलेला, घडीच्या रेषा दिसत होत्या. त्याने पहिला दोर टाकला. मला त्यातलं आता थोडं कळायला लागलेलं. नाल छान जात होती, फक्त लाल पट्ट्याच्या खाली उतरत होती. वीतभर.

"सैल," पेठे म्हणाले.

"मला तर बरोबर वाटतोय," मॅडम म्हणाल्या. "काका, जरा बांबू बघू?"

मॅडमनी बांबू माझ्या हातातून घेतला, गवतावर आडवा ठेवला, खिशातून टेप काढला आणि त्याच्यावर वाकल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. जमिनीवर आडवा बांबू आणि त्याच्यावर वाकून माप घेणारं माणूस. हे मी पाहिलेलं होतं. हिरवी साडी, कुंकवाचं ताट, पेठ्यांचा लाल अंगठा. तिरडीची लांबी नव्हते बघत ते.

दोन वर्षं मी ते धरून उभा होतो. मयताच्या सामानातली काडीसुद्धा कोणी घरात परत नेत नाही, आणि हा माणूस ते रंगवून, सावलीत ठेवून, पाणी पाजून सांभाळत होता. आमच्या हिराबाईला मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर मला दारातच आंघोळ घालेल. तिला वाचता येत नाही हे एक बरं आहे.

"काका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "नियमात तीन फुटांपर्यंत चालतं. तुमचा पट्टा सव्वादोनवरच आहे. कशाने मोजून रंगवलात?"

"मापाने," पेठे म्हणाले.

"कुठल्या?"

मी तोंड उघडणार होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मिटलं.

"हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे रंग आहे, इथेच नवा पट्टा मारू. पाच मिनिटांचं काम."

"त्याच्यावर रंग मारायचा नाही."

"मग तो बाजूला ठेवू. माझ्याकडे ॲल्युमिनियमची घडीची पट्टी आहे."

"बाजूलाही ठेवायचा नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "काका, मी चिडलेले नाही. पण असं असेल तर मला वर सांगावं लागेल. एवढी माणसं तुम्ही चुकीच्या मापाने परत पाठवलीत."

गणेश तिकडे रॉड धरून उभा. त्याला ऐकू येत नव्हतं, पण आपलंच काहीतरी चाललंय हे कळत होतं. घामाने नवा शर्ट पाठीला चिकटलेला.

पेठ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाळाराम, बांबू घ्या. जागेवर उभे राहा." मी राहिलो.

"आता पुढे या."

"कुठे पुढे?"

"माझ्याकडे. या. अजून या. हळू या, एकदम नको. खडा गेल्यासारखं करा."

मी बांबू उभा धरून, शरमेने मान खाली घालून, पेठ्यांच्या दिशेने सरकत राहिलो. मॅडम म्हणाल्या, "काका, असं मोजत नाहीत. बांबू जवळ आणला की लूप लहानच दिसणार."

"नाही मोजत," पेठे म्हणाले. "पण इथे असंच मोजलं गेलंय. ती पुढे यायची. मी ओरडायचो. आणि मग पास करायचो." मग म्हणाले, "तिला वाटायचं मला दिसत नाही."

मॅडमना काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला.

"टाक रे गणेश!" पेठे ओरडले.

दोर गेला. नाल उलगडत माझ्या मागून गेली. मला दिसली नाही, नुसता आवाज आला, कापड फाडल्यासारखा.

"हं," पेठे म्हणाले.

गणेश आधी समजलाच नाही. मॅडमनी अंगठा दाखवला तेव्हा तो गवतात उकिडवा बसला आणि तोंड ओंजळीत घातलं. मग उठून पेठ्यांच्या पाया पडायला आला. पेठे म्हणाले, "इकडे नको," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तो माझ्या पाया पडला. मी मागे सरलो. बांबू नाही सरला. माझ्या हातात तो तसाच उभा होता आणि गणेशचं डोकं त्याच्या बुडाला लागलं.

परीक्षा पेठ्यांकडून गेली ती गेलीच. मॅडमनी चांगल्या शब्दांत फोन केला. आता म्हणे मोबाइलवर चित्र काढतात आणि थांबवून मोजतात. पुण्याला. खोटं काय सांगू, तसंच बरोबर आहे. गणेश डोंगरात गेला. एकदा फोन आला, म्हणाला थंडी फार आहे आणि पगार वेळेवर होतो.

मैदानालाही पत्रे लागले. तिथे टॉवर होणार. तीन बाजू बंद झाल्या, खाडीची बाजू उरलेली. त्या रविवारी सकाळी मी सहज गेलो. सहज म्हणजे, मला वाटलंच होतं. पेठे उभे होते. एका हातात बांबू आणि दुसऱ्या हातात रॉड. वहिनी गेल्यापासून त्यांच्या हातात रॉड मी पाहिला नव्हता.

मी बांबू घेतला आणि लांब जाऊन, त्यांच्या समोर, वहिनी उभ्या राहायच्या त्या जागी उभा राहिलो. मागे काँक्रीटच्या मिक्सरचा आवाज चालू होता. पेठ्यांनी दोर सोडवला. हात म्हातारा झालेला, आधी दोनदा दोर त्यांच्याच पायाशी पडला. "सैल," ते स्वतःशी म्हणाले. पत्र्याच्या भिंतीमुळे मला ऐकू आलं.

मग त्यांनी हाक मारली. "बाळाराम, हलू नका."

"श्वास घेऊ?" मी विचारलं.

"घ्या," ते म्हणाले.

दोर मागे गेला. पुढे आला. नाल उलगडत उलगडत, अगदी सावकाश, येत राहिली, आणि लोकरीचा तो लाल गोंडा बांबूच्या खांद्याच्या खुणेवर लागून माझ्या बोटांवर पडला.

मी आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून काही केलं नाही. हेही कोणी सांगितलं नव्हतं. मी गोंडा चिमटीत धरला आणि एक हिसका दिला.

तिकडे रॉड वाकला. पेठे तसेच उभे राहिले, दोर ताणलेला. मीही सोडला नाही.

खूप वेळाने तिकडून आवाज आला.

"हं."